दिनेशचा दुभाष्या

दिनेश, काल दुपारी हमरापूरच्या कारखान्यात तुझा दुभाष्या चालला. पहिल्याच फटक्यात चालला. वंदनावहिनींनी नोटपॅडमध्ये मूर्तीची उंची लिहिली, रंगाचं नाव लिहिलं आणि तू पडद्यावर ठेवलेल्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी उघडून मिटली आणि पांढरा किती चमचे, पिवळा किती, तांबडा किती, हे स्वच्छ मराठीत समोर आलं. तुला जाऊन तेवीस दिवस झाले होते. मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो आणि मला काडीचाही आनंद होत नव्हता.

तुझ्या दहाव्याला नदीवर सगळे तुझ्याबद्दल बोलत होते. शांत माणूस, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तू शांत होतास, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शाळेत एका बाकावर सात वर्षं बसून मला तर तुझ्या तोंडाला टाळं लागलेलं आठवत नाही. मला कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुम्ही दोन शब्द बोला, तुमचा जिवलग होता. मी मान हलवून मागे सरकलो. लोकांना वाटलं, गळा भरून आलाय. पण बोललो असतो तर जे बोलायला हवं होतं ते बोलावं लागलं असतं, आणि ते चारचौघांत बोलायची माझी हिंमत नव्हती.

मास्तर हे नाव तूच पाडलंस. मी दुसऱ्यांच्या चुका काढायचो म्हणून सहावीतच मला मास्तर केलंस, आणि पुढे मी पेणला खरोखरच कॉम्प्युटरचा क्लास काढला. तू रोह्याला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटचं काम धरलंस. शिफ्टसाठी वरसेला खोली घेतलीस आणि आठवड्याच्या सुट्टीला गाडीनं हमरापूरला घरी यायचास. घरचा गणपतीचा कारखाना आधी तुझे वडील, आबा, बघायचे, आबांनंतर वहिनींनी तो अंगावर घेतला. येताना पेणला उतरून माझ्या क्लासमध्ये डोकावायचास, माझा अर्धा चहा पिऊन टाकायचास आणि पोरांना सांगायचास, हा मास्तर शाळेत गणितात माझं बघून लिहायचा. खोटं होतं ते. इंग्रजीत मी तुझं बघायचो, असं म्हटलं असतंस तरी एक वेळ चाललं असतं.

एका पावसाळ्यात माझ्या क्लासमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं होतं, आठवतं? मी दारात नुसता उभा होतो. बायको म्हणत होती, आता बंदच करा हा धंदा. तू सेकंड शिफ्ट टाकून टेम्पो घेऊन आलास, बाराही मशीनं उचललीस आणि हमरापूरला नेलीस. मूर्ती सुकवायचे मोठे पंखे लावून, कच्च्या पांढऱ्या गणपतींच्या रांगेत माझे बारा डबे उघडे करून ठेवलेस. आबा तेव्हा होते. त्यांनी काठी टेकत येऊन विचारलं होतं, "ही नवीन मूर्ती कोनी सांगितली रं?" नऊ मशीनं वाचली. माझा क्लास आजही चालतो तो त्या नऊ मशीनांमुळे, आणि हे मी तुला एकदाही धड बोलून दाखवलं नाही. एक जुनं मशीन तेवढं कारखान्यातच ठेवून घे म्हणालो, आणि तेवढ्यात फिटंफाट झाली असं मनाशी धरून चाललो.

त्या मशीनवरच पुढचं सगळं घडलं. वहिनींना रंगाचं गणित लावायचं होतं. आबा रंग नजरेनं मिसळायचे. मूर्तीच्या अंगाचा रंग मध्येच संपला की दुसऱ्या डब्यातला थोडा वेगळा पडायचा, आणि घरोघरचे लोक दरवर्षी तोच गणपती, तोच रंग मागतात. वहिनींनी दोन हंगाम चमचे मोजून वहीत मापं लिहिली. पण मापांना अटी होत्या. शाडू असेल तर रंग जास्त पितो. हवा ओली असेल तर पातळ चालत नाही. मोठ्या मूर्तीला नुसत्या दुपटीनं भागत नाही. आणि या अटी दर महिन्याला बदलायच्या. तू त्यांना मोबाइलवर काहीतरी करून दिलं होतंस, पण एक अट बदलायची तर तुझी सुट्टी येईपर्यंत थांबायचं. वहिनी म्हणाल्या, मला माझं बदलता येईल असं द्या.

तिथून तुझ्या डोक्यात ती लुआ शिरली. लुआ ही इवलीशी प्रोग्रॅमिंगची भाषा. ती समजून घेऊन मशीनकडून काम करून घेणारा इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला असतो, आणि त्याच्या मूळ फायली सगळ्यांना मोकळ्या असतात. एवढा आटोपशीर, की तू सगळा छापून घेतलास आणि कंट्रोल रूममध्ये चहाच्या सुट्टीत पेन्सिलनं खुणा करत वाचलास. त्या फायली कम्पाइल केल्या, म्हणजे जुळवून एक चालणारी फाईल बनवली, की झाला इंटरप्रिटर तयार. वहिनींना तू समजावलंस, "हा दुभाष्या हाय. तू त्याला सांगायचंस, तो मशीनला सांगतो." वहिनींनी विचारलं, "मंग त्याला मराठी येतंय काय?" तू गप्प झालास. तुला गप्प करताना मी फक्त वहिनींनाच पाहिलं आहे.

मग तू ठरवलंस की त्याला मराठी शिकवायचंच. मूळ फायलींमध्ये जिथे इंग्रजी शब्द आहेत तिथे जर, तर, नाहीतर, जोवर, संपलं असे शब्द घालायचे आणि नवा दुभाष्या कम्पाइल करून विंडोजवर बसवायचा. हे सांगायला तू क्लासमध्ये आलास तेव्हा दुपारची बॅच बसली होती. मी फळ्यापाशी होतो. मी म्हणालो, कशाला हा उपद्व्याप? तयार फाईल नेटवर पडलेली आहे, दोन मिनिटांत उतरव. आणि ही भाषा मराठी अक्षरं घेणारच नाही. वहिनींना शिकायचंच असेल तर इफ, देन, एल्स, एंड शिकू देत, चार शब्द तर आहेत.

तू म्हणालास, "चारच शब्द हायत ना? मंग मशीनलाच शिकवतो की. तिला कशाला त्रास?"

पोरं हसली. मला हसली. माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच फळ्यासमोर. मला ते झोंबलं. मी म्हणालो, "कर मग. अडलास की येशील माझ्याकडेच."

"येनार नाय," म्हणालास आणि हसत गेलास. तुझ्या मनात त्याचं काही राहिलं नसणार. तू तसा नव्हतास, मी आहे तसा.

पहिली सुट्टी. तू वरसेला तुझ्या लॅपटॉपवर दुभाष्या तयार केला होतास, पेन ड्राइव्हवर घेऊन घरी गेलास. दुपारी मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. कारखान्याच्या मशीनचा पडदा, त्यावर इशारा, ही फाईल या विंडोजवर चालणार नाही. खाली शब्द नाही. मला एका नजरेत कळलं. तुझा लॅपटॉप नवा, चौसष्ट बिटांचा. कारखान्यातलं मशीन माझं जुनं, बत्तीस बिटांचं, मीच दिलेलं; चौसष्टसाठी बनवलेली फाईल त्यावर चालत नाही. एवढं लिहायला मला किती वेळ लागला असता? मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मनात म्हणालो, नीट विचार, मग सांगतो.

आठवडाभरात तू ते आपलं आपण शोधलंस. दुसऱ्या सुट्टीला दुसरा फोटो. आता मशीन म्हणत होतं, अमुक एक मदतीची फाईल सापडत नाही. हेही मला पाठ होतं. तुझ्या लॅपटॉपवर कम्पायलर बसवलेला, त्याच्या सगळ्या मदतीच्या फायली तिथे हजर. म्हणून वरसेच्या खोलीत तुझा दुभाष्या दरवेळी पळायचा आणि हमरापूरला आला की बसकण मारायचा. यावर उपाय एका शब्दाचा. कम्पाइल करण्याच्या ओळीत 'स्टॅटिक' एवढा शब्द जोडला की मदतीचं सगळं त्या एकाच फाईलच्या पोटात जातं, बाहेरून काही लागत नाही. मी तो शब्द तुला टाइपही केला होता, दिनेश. मग खोडला.

तिसऱ्या सुट्टीला तू ती हरवलेली फाईल शोधून सोबत नेली होतीस, आणि मशीन आता दुसरीच मागत होतं. तिसरा फोटो. त्याखाली या वेळी हात जोडल्याचं चित्र होतं. मला वाटलं, टोमणा आहे. खरं सांगतो, मला वाटलं तू अजून मस्करीच करतो आहेस. आज ते चित्र बघतो आणि त्यात टोमणा कुठे दिसला होता, तो सापडत नाही. मी ठरवलं, अजून एक आठवडा जाऊ दे. पुढच्या सुट्टीला हा पेणला उतरेल, चहा पिईल, विचारेल, आणि मग मी ऐटीत सांगेन.

चौथी सुट्टी आलीच नाही. बुधवारी फर्स्ट शिफ्ट करून खोलीवर आलास, शेजाऱ्यांकडे पाणी मागितलंस, आणि पाणी येईपर्यंत तू नव्हतास.

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. "भावोजी, ह्यांचं ते कम्प्युटरचं तेवढं लावून द्या. पाट यायला लागले." घरोघरचे लोक आपापला पाट नावाची चिठ्ठी लावून कारखान्यात आणून ठेवतात, त्याच पाटावर बसून त्यांचा गणपती घरी जातो. पाट यायला लागले म्हणजे रंगाचं काम अंगावर आलं. मी नाही कसा म्हणणार होतो? वहिनींनी खोलीची किल्ली दिली आणि मी रोह्याच्या गाडीत बसलो.

वरसेची तुझी खोली मी पहिल्यांदा पाहिली. वीस वर्षं तू बोलावत होतास, आणि मी म्हणायचो, येतो रे एकदा सवडीनं. खुंटीला कंपनीचा शर्ट होता, दाराआड सेफ्टी शूज. खाटेवर ते छापलेले कागद, सुतळीनं बांधलेले. मी लॅपटॉप उघडला आणि तू केलेले बदल एकेक करून वाचत गेलो. तू प्रत्येक ठिकाणी मराठीत शेरे लिहून ठेवले होतेस. इथं शब्द बदलला. इथं मराठी अक्षर अडतंय. आणि त्याखाली, मास्तर म्हणतो चालणार नाय, बघू.

चालत होतं, दिनेश. मराठी अक्षरं आत घ्यायला त्या फायलींच्या पोटात एक आकडा बदलावा लागतो, तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. मी क्लासमध्ये इतकी वर्षं शिकवतो आणि मला माहीत नव्हतं. तू तो शोधून काढला होतास. काळ्या खिडकीत मराठी अक्षरांचे चौकोन दिसतात म्हणून उत्तर नोटपॅडमध्ये उघडायची सोयही केली होतीस. अवघड ते सगळं तू पार पाडलं होतंस. राहिलं होतं ते माझ्या पहिल्या महिन्याच्या पोरांना येतं तेवढं. फार चांगलं काम केलंस रे. हे तुला ऐकवायला मला तुझ्या रिकाम्या खोलीत जाऊन बसावं लागलं.

तुझ्याच खाटेवर बसून मी तुझीच ओळ पुन्हा लिहिली आणि तो एक शब्द जोडला. अर्ध्या मिनिटात फाईल तयार झाली. बाहेर शेजारीण कुणालातरी सांगत होती, त्यांच्याकडचे आलेत, सामान न्यायला. मला दार उघडून बाहेर यायला बराच वेळ लागला.

आणि काल ती चालली. कारखान्यात भिंतीला पाट उभे केले होते, वहिनींच्या एका हातात ब्रश होता. त्यांनी उत्तर वाचलं, दुसरी उंची घालून पाहिली, तेही आलं. मग शाडूची अट स्वतः बदलली, एका आकड्याचा दुसरा केला, आणि उत्तरातले चमचे बदलले. तू हे बघायला हवं होतंस. त्यांच्या ओठांवर हसू आलं, आलं आणि गेलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

"हो. एक शब्द राहिला होता."

"मंग ह्यांना का नाय जमलं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. जरा तांत्रिक भानगड होती वहिनी, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. त्या पुढे विचारणार नव्हत्या आणि तू येऊन सांगणार नव्हतास. मी तांत्रिक हा शब्द बोललोही. मग पुढचं बोलवेना. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी सांगून टाकलं. तीन फोटो, उलटा ठेवलेला फोन, टाइप करून खोडलेला शब्द, सगळं.

वहिनींनी नजर पडद्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "तीन सुट्ट्या मी ह्यांची पाठच बघितली, भावोजी. सकाळी गाडीनं यायचे ते थेट ह्या खुर्चीवर. जेवायला हाक मारली की, झालंच. चहाला हाक मारली की, झालंच. निघताना म्हनायचे, पुढच्या सुट्टीला बसू निवांत." त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, उगाच. "आन तुम्हाला म्हाईत होतं."

"हो."

"कधीपास्नं?"

"पहिल्या फोटोपासून."

मला वाटलं, आता त्या मला हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "वहिनी, माफ करा." त्या म्हणाल्या, "मना कशाला? ह्यांना सांगा." आणि पाठ फिरवून रंगवायला बसल्या. मी तसाच बसून राहिलो. त्यांनी एका मूर्तीचे दोन्ही हात रंगवले, सोंड रंगवली, दुसरी मूर्ती पुढे ओढली.

म्हणून हे लिहितो आहे. तुला सांगायचं आहे, आणि सांगण्याचा दुसरा काही रस्ता मला सुचत नाही. मला तू हरायला हवा होतास. तुझं वाईट व्हावं असं मनात आलं नाही कधी, पण एकदा तरी माझ्या दारात येऊन तू म्हणावंस, मास्तर, अडलो रे. ज्यानं माझी मशीनं पाण्यातून काढली, त्याच्याकडून मला हे ऐकायचं होतं. त्यासाठी मी तुझ्या तीन सुट्ट्या खाल्ल्या. त्या शेवटच्या आहेत हे मला माहीत नव्हतं, असं म्हणून बघितलं. ते खरं आहे, पण त्यानं काही हलकं होत नाही. शेवटच्या नसत्या तरी त्या तुमच्या दोघांच्या होत्या.

काल निघताना मी चपला घालत होतो तेव्हा वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "उद्या सकाळी या. ही फाईल बनवायची कशी ते मना शिकवा. पयल्यापासून. उद्या ह्यात काय बिघडलं तर यापुढं मना कोनाची वाट बघायची नाय."

आज सकाळी गेलो. तुझा लॅपटॉप त्यांनी रंगाच्या डब्यांतून जागा करून पाटावर ठेवला होता. रंगाची वही उघडून, नवीन पान काढून बसल्या होत्या. मी कम्पाइलची ओळ सांगितली, त्यांनी इंग्रजी अक्षरं मूर्तीची रेघ ओढावी तशी एकेक करून काढली. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलतच सुटलो. मशीन बत्तीस बिटांचं असेल तर काय करायचं, मदतीची फाईल मागितली तर काय, दुसरी मागितली तर काय, तो शब्द कुठे जोडायचा, विसरला तर काय दिसेल, त्यांनी एक अक्षर विचारलं नव्हतं आणि मी सांगत होतो, त्यांची पेन्सिल पहिल्याच ओळीवर होती आणि मी चौथ्या अडचणीवर पोचलो होतो.

वहिनींनी पेन्सिल थांबवली.

"हळू सांगा, भावोजी," त्या म्हणाल्या, "मी हाय इथंच."